रात्रीचे पाय

शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते. परभणीला मुक्काम होतो, मग गंगाखेड. मुक्कामाच्या जागी कोणी ना कोणी तुपाची वाटी आणि काशाच्या वाट्या घेऊन बसलेलं असतं. वारकरी पाय पुढे करतो आणि समोरचा माणूस वाटी तळव्यावरून गोल गोल फिरवत राहतो. थोड्या वेळात तूप काळं पडतं. ती अंगातली उष्णता बाहेर आली, असं म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं तो काळेपणा घासलेल्या धातूचा. पण वारकऱ्याला बरं वाटतं हे खरं आणि तो तिथेच, मांडवातल्या गोंगाटात, झोपून जातो.

ते पाय थकलेले असतात. दिवसभर चालले, रात्री विसावले. माझ्या पायांचं दुखणं याच्या उलट आहे. ते दिवसभर गुणी असतात. रात्री जेवणं आटोपून पाठ टेकली की त्यांना जाग येते. पोटऱ्यांच्या आत, कातडीच्या खाली, काहीतरी सरसरत जातं. याला दुखणं म्हणावं तर ते दुखत नाही. मुंग्या म्हणाव्यात तर पाय बधिर झालेला नसतो. एवढंच कळतं की पाय हलवला नाही तर आता आपण ओरडू. हलवला की क्षणभर बरं. पुन्हा स्थिर ठेवला की पुन्हा तेच. उठून चार पावलं चाललं की सगळं गायब होतं आणि म्हणूनच घरातल्या कुणाला ते खरं वाटत नाही.

माझ्या आईलाही हे होतं. आमच्याकडे त्याला ‘पाय ओढतात’ म्हणायचे. ती रात्री आम्हा बहिणींना म्हणायची, ‘जरा पोटऱ्या चुर गं.’ आम्ही चुरायचो, आमचे हात दमायचे, तिचं समाधान व्हायचं नाही. दिवसा बसल्या बसल्या पाय हलवला की आजी मात्र ओरडायची, पाय हलवले की लक्ष्मी घरात राहत नाही म्हणून. आई पाय पदराखाली दाबून धरायची. त्या दाबून धरण्यात तिला किती कष्ट पडत असतील, ते मला माझी पन्नाशी आल्यावर समजलं. हे दुखणं पुष्कळदा घराण्यातून येतं.

याची नोंद जुनी आहे. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी 1672 साली अशा रुग्णांचं वर्णन केलं. अंथरुणात पडलं की ज्यांचे हातपाय असे काही अस्वस्थ होतात की छळाच्या जागी असावं तशी त्यांना झोपच लागत नाही, असे रुग्ण. पुढे 1945 मध्ये स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि रेस्टलेस लेग्ज हे नाव रूढ झालं. ओळखण्याच्या खुणा चारच: पाय हलवण्याची अनावर ओढ, स्वस्थ बसल्यावर ती वाढणं, हालचालीने ती कमी होणं आणि संध्याकाळी-रात्री तिचा जोर असणं. पेटका आला तर पोटरीचा गोळा होतो, हाताला लागतो. मधुमेहातली तळव्यांची आग दिवसाही असते, चालून शमत नाही. हे दोन्ही वेगळे आजार आहेत आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर हा फरक आपणच नीट सांगायला हवा. ‘पाय दुखतात’ एवढंच म्हटलं की आपल्या हातात वेदनाशामक गोळी पडते, जिचा इथे काही उपयोग नाही.

मी औषधांच्या विरोधात नाही. डायलिसिसवर असलेल्या माणसाला हा त्रास फार होतो आणि रात्रीमागून रात्री जागलेल्याला औषध लागतंच. पण या आजारात वर्षानुवर्षं दिल्या गेलेल्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांची एक गोष्ट मला फार लागली. त्या सुरुवातीला सुंदर लागू पडतात. पुढे कित्येकांचा त्रास त्याच गोळ्यांमुळे वाढतो. रात्री येणारी वळवळ दुपारी यायला लागते, पायांतून हातांत जाते, डोस वाढवावा लागतो आणि वाढवला की आणखी बिघडतं. अमेरिकेतल्या झोपविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2025 च्या आपल्या मार्गदर्शिकेत या गोळ्या सरसकट देऊ नयेत असंच सुचवलं. ज्यांना त्या चालू आहेत त्यांनी मनाने बंद करू नयेत, एकदम सोडल्या की फार हाल होतात. मी मात्र आधी बिनगोळ्यांचं जेवढं होईल तेवढं करायचं ठरवलं आणि ते करताना समजलं की पहिला प्रश्न पायांचा नाहीच, रक्ताचा आहे.

मेंदूच्या ज्या भागात हालचालीचा हिशेब ठेवला जातो, तिथे या रुग्णांमध्ये लोह कमी आढळतं. डोपामिन हे रसायन तयार व्हायला लोह लागतं आणि डोपामिनला दिवस-रात्रीची लय आहे. संध्याकाळी त्रास का, याचं उत्तर बहुधा त्या लयीतच आहे. आता यातली खरी गोम अशी. आपण हिमोग्लोबिन तपासतो, ते ठीक निघालं की निर्धास्त होतो. शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारी तपासणी वेगळी, फेरिटिनची. त्या रिपोर्टवर बायकांसाठीची ‘नॉर्मल’ची रेघ पुष्कळ लॅबमध्ये 10 ते 15 च्या आसपासच सुरू होते. 20 आलं तरी शेरा नॉर्मल. पण पाय ओढणाऱ्या माणसात हा आकडा 75 किंवा त्याखाली असला तर लोह द्यावं, असं या आजाराचे जाणकार सांगतात. मधल्या या पट्ट्यात किती बायका ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे ऐकून घरी गेल्या असतील! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. साठा रिकामा झाला पण हिमोग्लोबिन अजून उतरलेलं नाही, अशा बायका तर त्यात धरलेल्याच नाहीत.

तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या खाऊ नयेत, जास्तीचं लोहही शरीराला घातक. ताप असताना फेरिटिन तपासू नये, आकडा फसवा येतो. हे दोन्ही पाळून मी तपासणी केली आणि साठा कमी निघाला. गोळी औषधांत धरायची की जेवणात, यावर मला वाद घालायचा नाही. जे कमी होतं ते भरलं.

आणि मग ताटाकडे पाहिलं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेच्या साथीने 2018 साली ‘परभणी शक्ती’ नावाचं ज्वारीचं वाण दिलं. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे साधारण 30 मिलिग्रॅम लोह असतं, यात 45. आपल्याच विद्यापीठाच्या शिवारात हे घडलं याचा मला अभिमान आहे, पण त्या भाकरीनंतर लगेच कपभर चहा प्यायला तर त्यातला बराच फायदा वाया जातो. चहातली टॅनिन्स लोह धरून ठेवतात. आमच्याकडे जेवण झालं की चहा, पाहुणा आला की चहा, शेतावरून आलं की चहा. मी जेवण आणि चहा यांच्यात दीड-दोन तासांचं अंतर ठेवलं, संध्याकाळनंतरचा चहा तर बंदच केला. भाकरीसोबत लिंबू, आवळा, नाहीतर कण्या घातलेली अंबाडीची आंबट भाजी, तीही लोखंडी कढईत. आंबटपणा लोह सुटायलाही मदत करतो आणि शोषायलाही. हे सगळं आजीच्या स्वयंपाकघरात होतं. कढई जाऊन नॉनस्टिक आली, एवढंच.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कोणी सांगत नाही. सर्दीच्या, खाजेच्या ज्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, क्लोरफेनिरामिनसारख्या, त्या या त्रासात तेल ओततात. मळमळीची मेटोक्लोप्रमाइडही तशीच. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही पाय खवळतात. झोप यावी म्हणून सर्दीची गोळी घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची रात्र त्या गोळीनेच उधळलेली असते.

आता पायांबद्दल. झोप येत नाही तर डोळे मिटून पडून राहा, हा सल्ला या दुखण्याला विषासारखा आहे. पायांना काम हवं असतं आणि ते अंथरुणावर जायच्या आधी द्यावं लागतं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात आठवड्यातून तीन दिवस चालणं आणि पायांना जोर देणारे व्यायाम, असं बारा आठवडे करवून घेतलं. प्रयोग छोटाच होता, पण व्यायाम करणाऱ्यांचा त्रास स्पष्ट कमी झाला. मी संध्याकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर चालते. दमछाक होईल इतकं नाही, फार ताणलं की रात्री उलट सूड उगवला जातो. झोपण्यापूर्वी भिंतीला तळहात टेकवून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, पोटरी ताणली जाईपर्यंत पुढे वाकायचं. मग बादलीत सोसेल इतकं गरम पाणी, गुडघ्याखालपर्यंत पाय. पुसून करडईच्या तेलाने पोटऱ्या वरून खाली नव्हे, घोट्याकडून गुडघ्याकडे दाबायच्या. दिशेचं शास्त्र मला कोणी सांगितलेलं नाही, मला तसं बरं वाटतं. काही जणांना थंड पाणी मानवतं. काही जण पोटऱ्यांना पट्टी गुंडाळतात. पायांना हवेच्या दाबाने आवळणाऱ्या यंत्राचा उपयोग होतो हेही तपासून पाहिलं गेलं आहे. माझी आई जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधायची, ते मला आता आठवतं.

सर्वांत जास्त गुण कशाने आला असेल तर हरिपाठाने. मी हे श्रद्धेपोटी म्हणते आहे असं कोणी समजू नये. हरिपाठ संध्याकाळी असतो, नेमका त्रास सुरू होण्याच्या वेळी. उभं राहून म्हणायचा, हातात टाळ, पायांत पावली, एक पाऊल पुढे, एक मागे. पाय हलत असतात आणि मन चरणाच्या पुढच्या शब्दात गुंतलेलं असतं. या दोन्ही गोष्टींनी ही वळवळ मागे हटते: हालचालीने आणि मन कशात तरी पुरतं रमल्याने. कोडी सोडवा, विणकाम करा, असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी. माझी एक जाऊ गोधडी शिवायला बसते आणि टाके घालता घालता पायांना विसरते. कीर्तनाला मात्र बसावं लागतं, म्हणून मी मागे खांबापाशी उभी राहते. पूर्वी लोक ‘बसा की’ म्हणायचे. आता कोणी म्हणत नाही.

ही मोकळीक घराने द्यायला हवी. रात्री बाई अंगणात फेऱ्या मारते म्हणून कुणी दचकू नये, तिला डोक्याचा काही त्रास आहे असं ठरवू नये. मुंबईला जायचं तर मी रात्रीची देवगिरी एक्सप्रेस टाळून दिवसाची तपोवन धरते. रात्रीच निघावं लागलं तर कडेची जागा मागून घेते आणि का हवी ते सरळ सांगते.

गेल्या वर्षी माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा महिना. रात्री एक वाजता ओसरीवर येरझाऱ्या घालत होती. म्हणाली, ‘मावशी, पायात काहीतरी पळतंय गं. पाय कुठं ठिवू तेच कळंना.’ तिच्या आईने दिवस भरत आले की असंच होतं म्हणून तिला परत निजवायची घाई केली. ते अर्धं खरं होतं. गरोदरपणी, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, हा त्रास पुष्कळ जणींना होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा जातो. पण तेवढे महिने तिने का सोसावं? मी तिला उभं केलं, पोटऱ्या ताणायला शिकवलं, गरम पाणी काढलं. मग तिची पिशवी पाहिली. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लाल गोळ्यांची पाकिटं न फोडता तशीच. त्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं आणि गरोदर बाईला किमान 180 दिवस ती द्यायची असा नियम आहे. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून तिने बाजूला ठेवली होती. काळं होतं ते लोहानेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

गोळ्या वाटणाऱ्या आशाताईंना मी भेटले. त्यांची वही भरगच्च असते: वजन, बीपी, हिमोग्लोबिन, किती गोळ्या दिल्या. मी म्हटलं, एवढं विचारताच आहात, तर रात्री पाय स्वस्थ ठेवता येतात का, हेही विचारा. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘बाई, मलाच नाही ठेवता येत.’ आम्ही दोघी मिळून डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी फेरिटिन लिहून दिलं. भाचीचा त्रास बाळ महिन्याचं व्हायच्या आत थांबला. तिच्या सेलूच्या सासूबाई बारशाला आल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारलं की ही तपासणी उपाशीपोटी करतात की जेवून.