ढाल

मुलगा गेला तरी सौंसरच्या माझ्या नणंदबाई रोज त्याचं ताट वाढायच्या. आम्ही पांढुर्ण्याहून जायचो, म्हणायचो, "ताई, सावरा आता." जामसावळीच्या निजलेल्या मारुतीपुढेही नेलं. शेवटी नागपूरला डॉक्टरांना दाखवलं.

तिथली सिस्टर ताटावरून वाद घालत बसली नाही. जवळ बसून म्हणाली, "फार आठवण येते ना त्याची?" ताई पहिल्यांदा रडल्या. मी "रडू नका" म्हणणार, तोच सिस्टरनं मला खुणेनं थांबवलं. मग सांगितलं, नाकारणं ही मनाची ढाल. ती हिसकायची नसते.

अ‍ॅना फ्रॉइडबाईंनी १९३६ सालीच अशा ढालींवर पुस्तक लिहिलं. पण माझं "सावरा" हीही ढालच होती. त्यांचं दुःख मलाच बघवत नव्हतं. भाषासमिती म्हणजे कमी बोलणं, एवढंच मी समजत आले. समोरच्याला बोलू देणं त्यातच आलं. आता सौंसरला गेले की ताई बोलतात, मी ऐकते.