अब्रू आणि कोळसा

युद्धनौकेचे बारसे हा राष्ट्राच्या आत्मचरित्रातील एक लहानसा, परंतु बोलका परिच्छेद असतो. शिडांच्या काळात स्पेनची बरीचशी जहाजे संतांची नावे धारण करून समुद्रावर उतरत. एकोणिसाव्या शतकात वाफेचे यंत्र आले, त्यामागोमाग लोखंडी कवच आले, आणि नावांची निवडही पालटली. तेतुआन, सारागोसा, अरापिलेस अशी लढायांची आणि वेढ्यांची नावे नव्या आगबोटींवर कोरली जाऊ लागली. या सर्वांत अधिक अर्थभार ज्या नावावर होता ते नाव नुमान्सिया. इ.स.पू. १३३ मध्ये रोमन सेनानी स्किपिओच्या वेढ्यात उपासमारीने जर्जर झालेल्या या नगरातील अनेकांनी शरणागतीऐवजी मृत्यू पत्करला. सोळाव्या शतकात सर्व्हान्तेसने त्यावर शोकांतिका लिहिली, आणि ‘मोडेन पण वाकणार नाही’ या वृत्तीचे ते स्पॅनिश प्रतीक बनले.

अशा नावाची ही कवचधारी फ्रिगेट १९ नोव्हेंबर १८६३ रोजी पाण्यात उतरली ती मात्र फ्रान्समधील तुलाँजवळच्या ला सेन येथील कारखान्यात. स्वदेशाभिमानाचे सर्वांत तेजस्वी नाव परक्या देशातील लोहारांच्या हातून घडलेल्या लोखंडी देहावर चढवले गेले. यात लज्जास्पद असे काही नव्हते. स्पेनच्या आरमारातील पहिली वाफेची युद्धनौका ‘इसाबेल दुसरी’ हीदेखील १८३४ मध्ये विकत घेतलेली एक कॅनेडियन आगबोटच होती. परंतु नाव आपले आणि यंत्र परक्याचे, ही विसंगती पुढील तीन दशकांच्या इतिहासात पुनःपुन्हा डोके वर काढणार होती.

वारा कोणाच्या मालकीचा नसतो. कोळसा असतो. शिडाचे जहाज महासागरात ईश्वरावर आणि हवामानावर विसंबून असे. वाफेचे जहाज वखारींवर, बंदरांवर, दलालांवर आणि परराष्ट्रांच्या मर्जीवर विसंबून राहू लागले. यंत्राने गती दिली आणि त्याच हाताने स्वातंत्र्याचा काही अंश काढून घेतला. आरमाराच्या भाषणांत आणि गौरवगीतांत या व्यवहाराची नोंद क्वचितच झाली. तेथील शब्द जुनेच राहिले: शौर्य, ध्वज, अब्रू.

फेब्रुवारी १८६५ मध्ये कास्तो मेन्देस नून्येस याच्या नेतृत्वाखाली नुमान्सिया कादिसहून निघाली. सात हजार टनांहून अधिक वजनाचे हे लोखंडी धूड दूरच्या महासागरांत टिकेल काय, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. मॅगेलनची सामुद्रधुनी ओलांडून ती मे महिन्यात पेरूच्या काल्याओ बंदरात पोहोचली, तेव्हा त्या शंकेला उत्तर मिळाले. ज्या झगड्यासाठी ती तेथे गेली होती त्याचे मूळ मात्र फारसे काव्यमय नव्हते. एप्रिल १८६४ मध्ये स्पेनने पेरूची चिंचा बेटे ताब्यात घेतली होती. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतकांचे थर या बेटांवर साचलेले होते. ग्वानो नावाने ते खत म्हणून युरोपात विकले जाई आणि पेरूच्या तिजोरीचा तो मुख्य आधार होता. साम्राज्य गमावलेला देश आणि त्या साम्राज्यातून सुटलेला देश यांच्यातील मानापमानाचा खेळ अशा खताच्या ढिगाऱ्यावर मांडला गेला.

सप्टेंबर १८६५ मध्ये चिलीने युद्ध पुकारले. नोव्हेंबरमध्ये स्पेनची ‘कोवादोंगा’ ही नौका चिलीच्या हाती पडली, आणि तो अपमान असह्य होऊन सेनापती पारेहा याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. सूत्रे मेन्देस नून्येसकडे आली. त्याच्या नावावर जे वचन सांगितले जाते ते याच काळातले. जहाजे असून अब्रू नसण्यापेक्षा जहाजे नसून अब्रू असणे स्पेनला अधिक प्रिय आहे, हा त्याचा आशय. शब्द थोड्याफार फरकाने निरनिराळे आढळतात. वचन देखणे आहे, यात संशय नाही. दोन पदांची अदलाबदल करून साधलेला तोल कानाला सुखावतो, स्मरणात रुततो, आणि शाळेच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. परंतु ३१ मार्च १८६६ रोजी या अब्रूच्या नावाने जे घडले ते म्हणजे वाल्पारायसो या तटबंदी नसलेल्या बंदरावर काही तास चाललेला तोफांचा भडिमार. शहराला आगाऊ सूचना देण्यात आली होती, त्यामुळे मनुष्यहानी मर्यादित राहिली. वखारी मात्र जळाल्या आणि त्यांतील बराचसा माल तिसऱ्याच देशांच्या व्यापाऱ्यांचा होता. निःशस्त्र नगरावर गोळे टाकून कोणती अब्रू राखली जाते, हा प्रश्न त्या देखण्या वचनाला विचारण्याची सोय नव्हती.

काल्याओची लढाई वेगळी होती. २ मे १८६६ रोजी समोर किनाऱ्यावरच्या भारी तोफा होत्या आणि दोन्ही बाजूंनी रक्त सांडले. पेरूचा युद्धमंत्री होसे गाल्वेस स्फोटात मारला गेला. मेन्देस नून्येस नुमान्सियावर जखमी झाला. संध्याकाळी दोन्ही पक्षांनी विजय आपलाच असल्याचे मानले. माद्रिदमध्ये काल्याओ चौक आहे, लिमामध्ये ‘दोन मे’ चौक आहे, आणि दोन्ही एकाच दुपारची आठवण जपतात. आरमाराने यानंतर तो किनारा सोडला. एक्वादोर आणि बोलिव्हियाही विरोधात गेल्यामुळे त्या प्रदीर्घ किनाऱ्यावर स्पेनच्या आगबोटींना कोळसा आणि शिधा देणारे बंदर जवळपास उरलेच नव्हते. माघारीचे हे कारण कोणत्याही चौकाच्या नावात आलेले नाही.

नुमान्सिया पश्चिमेकडे निघाली. ताहिती, मनिला, केप ऑफ गुड होप असा प्रवास करून सप्टेंबर १८६७ मध्ये ती कादिसला परतली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली कवचधारी नौका ठरली. या कीर्तीच्या मागे स्कर्व्हीने हिरड्या सुजलेले खलाशी होते, आणि यंत्रगृहाच्या अंधारात भट्टीत फावड्याने कोळसा लोटणारे लोक होते. मुंबईच्या गोदीत आणि कोकणातल्या दर्यावर्दी घरांत अशा माणसाला ‘आगवाला’ म्हणत. हा शब्द किती नेमका आहे! जहाजाचे नाव इतिहासातून येते, ध्वज राजाकडून येतो. आग मात्र आगवाल्याची असते.

या प्रदक्षिणेवर बेनितो पेरेस गाल्दोस याने १९०६ मध्ये कादंबरी लिहिली. ‘राष्ट्रीय प्रसंग’ या त्याच्या प्रचंड कादंबरीमालेतील ती एक. त्याच्या कथेतील दिएगो आन्सूरेस हा साधा दर्यावर्दी या नौकेवर चढतो तो राष्ट्राच्या अब्रूसाठी नव्हे; त्याची मुलगी पेरूच्या एका तरुणाबरोबर निघून गेली आहे आणि तिचा शोध घ्यायचा आहे. ज्या देशावर त्याची आगबोट तोफा रोखते त्याच देशात त्याचे काळीज अडकलेले आहे. गाल्दोसने काल्याओचे शौर्य नाकारले नाही. त्याने फक्त तराजूच्या दुसऱ्या पारड्यात एका बापाला बसवले, आणि इतिहासाचे पारडे किंचित हलले. कादंबरी या वाङ्मयप्रकाराचे सामर्थ्य अशा किंचित हलण्यात असते.

गाल्दोस हे लिहीत होता तेव्हा १८९८ होऊन गेले होते, हे विसरता येत नाही. त्या वर्षी मेन्देस नून्येसच्या वचनाचा हिशोब पूर्णपणे मागितला गेला. अमेरिकेशी युद्ध जुंपले तेव्हा सेनापती सेर्व्हेरा याने पराभव अटळ असल्याचे सरकारला वारंवार लिहून कळवले होते. तरीही त्याचा ताफा क्यूबाकडे पाठवला गेला, आणि ३ जुलै रोजी सान्तियागोच्या अरुंद मुखातून भर दिवसा, एकामागून एक, बाहेर काढला गेला. काही तासांत सर्व जहाजे नष्ट झाली. तीनशेहून अधिक स्पॅनिश माणसे मेली, अमेरिकेचा एक. ताफ्यातील सर्वांत नवे आणि वेगवान जहाज ‘क्रिस्तोबाल कोलोन’ इटलीत बांधलेले होते, आणि त्याच्या मुख्य तोफा कधी बसवल्याच गेल्या नव्हत्या. ते सर्वांत दूरवर निसटले. मग चांगला कोळसा संपला, हलक्या प्रतीचा भट्टीत पडू लागला, वेग घटला आणि पाठलाग करणाऱ्यांनी त्याला गाठले. त्याच सुमारास फिलिपीन्सकडे निघालेल्या दुसऱ्या ताफ्याला पोर्ट सैद येथे कोळसा नाकारला गेला, आणि सुएझ ओलांडूनही त्याला मागे फिरावे लागले. जहाजे नसून अब्रू असणे म्हणजे काय, हे स्पेनला आता शब्दशः कळले. बत्तीस वर्षांपूर्वीचे अलंकारिक वाक्य राज्यकर्त्यांनी धोरण म्हणून वाचले होते, आणि त्याचे व्याकरण भट्टीपाशी उभ्या असलेल्यांनी आपल्या देहांनी पूर्ण केले.

नुमान्सिया मात्र या सर्वांनंतरही जिवंत होती. १८७३ च्या कार्ताखेनाच्या बंडात ती बंडखोरांकडे गेली होती आणि जानेवारी १८७४ मध्ये त्यांच्या पुढाऱ्यांना घेऊन अल्जीरियात पोहोचली होती. ऑगस्ट १९११ मध्ये, टँजियरजवळ असताना, तिच्यावर पुन्हा उठाव झाला. तो मोडला गेला आणि आन्तोनिओ सान्चेस मोया याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचा हुद्दा होता आगवाला. सेनापतीचे वाक्य पाठ असलेल्या देशात या माणसाचे एखादे वाक्य कोणाला पाठ असल्याचे दिसत नाही.

शेवटी, डिसेंबर १९१६ मध्ये, भंगार म्हणून विकली गेलेली ही नौका बिल्बाओकडे ओढून नेली जात असता वादळात सापडली आणि पोर्तुगालमधील सेसिंब्राच्या किनाऱ्याशी बुडाली. शत्रूच्या हाती न पडण्यासाठी स्वतःला संपवणाऱ्या नगराचे नाव तिला होते. मरण मात्र दोराला बांधलेल्या अवस्थेत आले. तेव्हा तिच्या भट्ट्या थंड होत्या.