रात्रीचे पाणी

विजेने माणसाला काय दिले, असा प्रश्न शहरात विचारला तर दिवा, पंखा अशी उत्तरे येतील. आमच्या हिंगोलीकडच्या शेतकऱ्याच्या मनात मात्र आधी जागरणच येईल. शेतीच्या मोटारींना वीज पाळीपाळीने मिळत आली आहे. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की गव्हाला, हळदीला पाणी देण्यासाठी बॅटरी आणि काठी घेऊन विहीर गाठावयाची. पौषातली थंडी, पायाखाली चिखल, बांधावर सापाचे भय. आणि आरंभ कशाने, तर स्टार्टरचे एक बटण दाबण्याने!

या जागरणावर शेतकऱ्याने एक तोड काढली. तिचे नाव ऑटोस्विच. लाइन आली की तो आपण होऊन मोटार सुरू करतो. घरी निजलेल्या मालकाला उठावे लागत नाही. परंतु तो काढून टाका, असे महावितरण वारंवार सांगत असते, आणि त्यास सबळ कारण आहे. थेट सुरू होणारी मोटार पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. मोटारी एकामागून एक सुरू झाल्या तर डीपी तो भार सोसते. वीज येताच शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम उठल्या, म्हणजे मात्र तीच जळते. एकेकाची झोप अशी सर्वांच्या पिकावर येते. आता यात अपराधी कोणास म्हणावे? झोप मागणे हा काही गुन्हा नव्हे.

केंद्राची २०१९ची कुसुम योजना आणि त्यानंतर राज्याने २०२४ मध्ये आणलेली 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना यांमुळे शेताशेतांत निळसर काळे पॅनल दिसू लागले आहेत. शेतकरी किमतीचा दहावा हिस्सा भरतो. अनुसूचित जातीजमातींचा असेल तर विसावा. येणाऱ्याजाणाऱ्यांचे डोळे पॅनलांकडे लागतात. मला मात्र त्यांच्या खाली खांबाला बसवलेल्या पेटीचे, म्हणजे कंट्रोलरचे, अधिक कौतुक वाटते.

सूर्याची वीज एकाच दिशेने वाहणारी, आणि बहुतेक मोटारींना हवी तीन फेजची, उलटसुलट होणारी. पेटीतल्या सहा इलेक्ट्रॉनिक कळा सेकंदाला काही हजार वेळा उघडमीट करून ती घडवतात. शिवाय तारेवरच्या विजेची आवर्तने सेकंदाला ५० ठरलेली. ही पेटी ऊन पाहून ती कमीजास्त करते. त्यामुळे मोटार दचकून उठत नाही. सकाळी ती हळूहळू फिरू लागते, तेव्हा पाणी वरही येत नाही. ऊन चढले की वेग वाढतो आणि पाइपातून धार पडते. पंपाचा वेग निम्मा केला तर त्यास शक्ती सुमारे आठव्या हिश्शाने पुरते. म्हणून एखादा ढग आला तरी मोटार बंद न पडता नुसती मंदावते.

मोटारीच्या तीन तारांपैकी दोहोंची अदलाबदल केली की ती उलटी फिरते, हे गावच्या वायरमनला ठाऊक असते. पेटी तेच काम तार न सोडता करते. नामदेवांसाठी औंढ्याचे देऊळ फिरले, अशी आमच्याकडची कथा आहे. या पेटीने निदान काहींची रात्रीची पाळी दिवसाकडे फिरवली, हेही थोडे नव्हे.

तथापि एक चिंता उरतेच. विहीर कोरडी पडली की पेटी मोटार थांबवते. तोवर ती थांबवत नाही. तारेच्या विजेला वेळेची मर्यादा होती. ऊन दिवसभर आहे आणि त्याचे बिल येत नाही. आमच्या काळ्या खडकातले पाणी मात्र मोजकेच. पाणी संपले हे पेटीला कळते, पुरे झाले हे कळत नाही. ते माणसानेच ठरवावयाचे आहे. रात्रभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाकडून असल्या विचाराची अपेक्षा करणे निर्दयपणाचे होते. आता ज्याला पुरती झोप मिळू लागली आहे, त्याने शेजाऱ्यासह विहिरीच्या काठाशी बसून हा हिशेब करण्यास हरकत नसावी.