हंड्यावरचं नाव

बेल्जियममधल्या ईपर गावात रोज संध्याकाळी आठ वाजता रहदारी थांबते. बाजारचौकातून पूर्वेला निघालेला रस्ता मेनिन गेटच्या कमानीखालून जातो. दिवसभर तिथून मोटारी जातात, सायकली जातात, दप्तरं पाठीला लावून पोरं जातात. आठला थोडा अवकाश असताना पोलीस रस्ता अडवतात, बिगुलवाले कमानीखाली येऊन उभे राहतात आणि ‘लास्ट पोस्ट’, म्हणजे मेलेल्या सैनिकांसाठीची बिगुलाची धून, वाजते. १९२८ पासूनचा हा रिवाज. दुसऱ्या महायुद्धात गाव जर्मनांच्या ताब्यात होतं तेवढी वर्षं तो इथे बंद राहिला. ६ सप्टेंबर १९४४ ला गाव सुटलं, आणि त्याच संध्याकाळी, गावाच्या दुसऱ्या भागात गोळीबार चालू असतानाही, बिगुल वाजला.

मी तासभर आधीच पोचलो होतो. मला नावं वाचायची होती.

ही कमान १९२७ साली पुरी झाली. पहिल्या महायुद्धात या परिसरात जे मेले आणि ज्यांची थडगी सापडत नाहीत, अशा चोपन्न हजारांहून अधिक माणसांची नावं तिच्या भिंतींवर कोरली आहेत. आत, जिन्यांच्या कडेला, वर तटाकडच्या ओवरीत, जिथे मान वळेल तिथे नावं. मान दुखायला लागते, तरी नावं संपत नाहीत. त्यांतच हिंदी पलटणी आहेत. ऑक्टोबर १९१४ मध्ये, थंडी तोंडावर आली असताना, ही माणसं इथल्या चिखलात उतरली. पुढच्या एप्रिलात जर्मनांनी इथेच विषारी वायू सोडला आणि त्यानंतर चारच दिवसांनी लाहोर डिव्हिजनला हल्ल्यासाठी पुढे काढलं. सिंग, खान, थापा... इंग्रजी अक्षरांत कोरलेली ती नावं मी ओठ हलवत वाचत गेलो. परक्या मुलखात आपल्याकडचं नाव दिसलं की पाय थबकतात, तसे माझे दर दोन पावलांनी थबकत होते.

मी शोधत होतो ते नाव मात्र तिथे असणार नव्हतं. हे मला घरून निघतानाच ठाऊक होतं.

आजीचा थोरला चुलता पलटणीत होता. तो ‘बसऱ्याला गेला’ एवढंच आमच्या घरात बोललं जाई. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. पूना डिव्हिजन कूत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली, तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने वेढा सोसून २९ एप्रिल १९१६ ला त्या फौजेनं शरणागती पत्करली. चुलता कूतमध्ये होता की आणखी कुठे, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. आजीच्या माहेरी चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. गावातून किती गेले आणि किती मेले, एवढंच तिच्यावर आहे. दोन आकडे. लहानपणी सुट्टीत गेलो की आजी त्यातल्या दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवून म्हणायची, “यात आमचे काका हायेत.” मी त्या आकड्यात माणूस शोधत राही.

बसऱ्यालाही स्मारक आहे. चाळीस हजारांवर माणसांचं. पण तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं लिहिली, साध्या हिंदी शिपायांची लिहिली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे अमुक इतके शिपाई. म्हणजे चुलता तिथेही आकड्यातच. मेला तो माणूस एकच, आणि दोन देशांतल्या दोन दगडांवर त्याला नाव नाही. हे मला अजून सोसत नाही. मेनिन गेटखाली, जिथे शिपायालाही नाव मिळालंय, तिथे ते जास्तच टोचलं.

तिथेच एक गोष्ट समजली. या भागात शेतं नांगरताना, पाया खणताना अजूनही हाडं वर येतात. ओळख पटली तर त्या माणसाला नावानिशी पुरतात, आणि मग इथल्या भिंतीवरून त्याचं नाव काढून टाकतात. सापडलेल्या माणसाचं नाव हरवलेल्यांत ठेवायचं नाही.

मला आमचा हंडा आठवला. चुलत्यानं पलटणीतून पाठवलेल्या पहिल्या मनिऑर्डरीतून घेतलेला तांब्याचा हंडा. भांडेवाल्यानं ठिपक्याठिपक्यांनी त्याच्यावर चुलत्याचं नाव घातलं होतं, खाली गाव आणि सालही. आजीच्या लग्नात तो तिच्याबरोबर आमच्या घरी आला. दर सणाला ती तो चिंच-राखेनं लख्ख घासायची, आणि नावापाशी आली की हात हलका करायची.

बिगुल वाजला तेव्हा कमानीखाली शेकडो माणसं होती, पण कुणाचा साधा खोकलाही ऐकू आला नाही. शेवटचा सूर वरच्या छतात रेंगाळला. मग पोलीस बाजूला झाले आणि पहिली सायकल घंटी वाजवत कमानीतून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फोन केला.

“आई, आजीचा तांब्याचा हंडा कुठंय गं?”

“माळ्यावर. का रे?”

“त्याच्यावर नाव आहे ना अजून?”

ती स्टुलावर चढल्याचं, भांडी सरकल्याचं ऐकू आलं. बराच वेळ गेला. मग एकेक अक्षर लावत तिनं ते नाव वाचलं, पहिल्यापासून आडनावापर्यंत.

“नाव आहे रे,” ती म्हणाली, “गावाचं मात्र घासून गेलंय.”