ठेसनावरचे बारा, रानातले साडेदहा

१/
“लढाईच्या साली ठेसनावर बारा वाजायचं, तवा आमच्या रानात साडेदहाच झालेलं असायचं,” असे कुंडलचे माझे आजोबा सांगत. लहानपणी मला ती अतिशयोक्ती वाटे. इतिहास वाचू लागल्यावर एकदा हिशेब मांडून पाहिला.

२/
१ जानेवारी १९०६ रोजी लागू झालेली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली आहे; म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. कुंडल सुमारे ७४.४ अंशांवर. एका अंशामागे चार मिनिटे धरली, तर सूर्य आमच्या माथ्यावर सुमारे ३२ मिनिटे उशिरा येतो.

३/
त्यात महायुद्ध आले. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारने घड्याळे आणखी एक तास पुढे नेली. एकूण फरक ९२ मिनिटांचा. बारातून वजा करा: १० वाजून २८ मिनिटे. आजोबांचे खरे होते.

४/
हाच क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा काळ. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीला सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. इंग्रजांची सत्ता झुगारता येत होती. पण गाडी अडवायची तर ती त्यांच्याच घड्याळाने येणार होती.

५/
आज जागतिक वेळ कोणा एका साम्राज्याच्या घड्याळात नाही. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सिझियम-१३३ अणूच्या विशिष्ट प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर आधारलेली आहे. जगभरच्या प्रयोगशाळांतील शेकडो अणुघड्याळांच्या नोंदींवरून पॅरिसजवळचे आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालय ही वेळ ठरवते. त्यात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचाही वाटा आहे. पृथ्वीचे फिरणे अनियमित असल्याने १९७२ पासून अधूनमधून एक लीप सेकंद मिळवावा लागला. वेळ मोजतो अणू. पण ती सर्वांची होते ती संमतीने.

६/
म्हणून मित्रहो, जुन्या कागदात ‘सकाळी सहा’ असे वाचाल, तेव्हा आधी विचारा: कोणाच्या घड्याळातले सहा? मुंबईत तर प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून होती.

७/
माझा हिशेब जुळला, तेव्हा आजोबा हयात नव्हते. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे असे एखादे न पटणारे वाक्य आजच लिहून ठेवा.