ज्येष्ठमधाची पेटी

१४ एप्रिलला आमच्या महाविद्यालयात आंबेडकर जयंतीची लगबग असते. त्याच दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो आणि त्याचे मूळ मुंबई बंदरात आहे, हे मात्र वर्गात क्वचितच कुणाला ठाऊक असते. १९४४ साली त्या दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उडाले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि त्यांच्या शेजारी कापसाच्या गाठी! शेकडो माणसे गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. आम्हांला अस्वस्थ करते ते हे, की त्या जहाजात काय आहे हे लपलेले नव्हते. सारे कागदोपत्री होते. एरवी असला माल गोदीबाहेर पडावांत उतरवून घेत. युद्धाच्या घाईत ती अट सैल झाली. धोक्याचे तांबडे निशाण चढलेच नाही.

घाई आणि तपासणी यांचे हे भांडण आम्ही उपनगरवासी रोज पाहतो. २००६ च्या लोकल-स्फोटांनंतर स्थानकांवरच्या धातुशोधक कमानी आमच्या परिचयाच्या झाल्या. किल्ली असो वा डबा, कमान ओरडते. पण सकाळच्या गर्दीत घाटकोपरला कोण कुणाला थांबवणार?

अमेरिकेने २००७ साली कायदा केला : आपल्याकडे येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच यंत्राखालून जावा, मुदत २०१२. ती मुदत पुढे ढकलली गेली ती गेलीच. आपल्या न्हावा-शेव्यातून वर्षाकाठी ६० लाखांहून अधिक कंटेनरांइतका माल जातो-येतो. प्रत्येक पेटी उघडू म्हटले, तर नाशिकची द्राक्षे युरोप पाहण्यापूर्वीच बेदाण्याच्या वाटेला लागतील. म्हणून सीमाशुल्क खात्यात २००५ पासून संगणक जोखीम पाहून निवड करतो : माल कुठला, आणणारा कोण, त्याचा पूर्वेतिहास काय. बाकीचा माल कागदावरच्या विश्वासाने सुटतो.

उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून चार काढून फेरतपासणी करणाऱ्या आम्हांला ही पद्धत परकी नाही. तिची खोड आम्ही जाणतो. वळणदार अक्षराला आपण नकळत सवलत देतो, अनोळखी केंद्राच्या गठ्ठ्यावर मात्र नजर रोखतो. बंदरातही जुन्या, मातब्बर नावांना वाट मोकळी मिळते. पहिल्यांदाच माल पाठवणाऱ्या लहान व्यापाऱ्याची पेटी उघडली जाते आणि खोळंब्याचे भाडे त्यानेच भरायचे. सुरक्षेची किंमत सर्वांत कमी ऐपतीच्या माणसाकडून वसूल होते, याची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही.

आणि तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये न्हावा-शेव्यात एक कंटेनर सापडला. वर्षाहून अधिक काळ तो तिथेच पडून होता. माग लागला तो दिल्ली पोलिसांना, अटकेतल्या माणसांच्या चौकशीतून. कागदावर ज्येष्ठमध लिहिले होते. आत सुमारे २० टन ज्येष्ठमधच होते. फक्त त्या काड्यांवर हेरॉइनचा लेप होता.