पेंधरच्या पुढे, घारींच्या मागे

बेलापूरहून निघालेली नवी मुंबई मेट्रो पेंधरला संपते आणि तिथून तळोज्याची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर असते. १७ नोव्हेंबर २०२३ ला मेट्रो सुरू झाली आणि जड लेन्स खांद्याला लावून इकडे येणं सुखाचं झालं. खारघरचे टॉवर मागे पडतात, धुराडी दिसू लागतात. पेंधरला उतरून रिक्षा केली.

"कंपन्यांत कसले फोटो काढता, दादा?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"घारींचे."

त्यानं पुढे काही न विचारता रिक्षा मासळीच्या कारखान्यांकडे वळवली.

ऊन तापू लागलं की घारी वर चढतात. त्यातलीच एखादी शेपूट पिळून एकदम खाली येते, रस्त्याकडेचा मासळीचा तुकडा पंजात उचलते आणि उडता उडताच मान वाकवून खाऊ लागते. मला तो क्षण हवा होता, तोही डोळ्यातली चमक दिसेल इतका स्पष्ट.

त्यासाठी कॅमेरा एएफ-सी वर, म्हणजे सतत फोकस करत राहण्यावर हवा. कॅननवाले त्यालाच सर्वो म्हणतात. एएफ-एस किंवा वन शॉटमध्ये फोकस एकदा लागला की तिथेच थांबतो आणि बटण दाबेपर्यंत घार पुढे सरकलेली असते. एएफ-सी मध्ये बटण अर्धं दाबून ठेवलं, की कॅमेरा अंतर पुन्हा पुन्हा मोजतो आणि शटर उघडेल त्या क्षणी पक्षी कुठे असेल याचा अंदाजही बांधतो. सोबत शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं. फोकस अचूक असूनही पंखांची टोकं पुसट येतात ती शटर मंद असल्यामुळे.

मोकळ्या आकाशात हे सगळं सोपं. तळोज्यात घार खाली आली की मागे धुराडं, विजेचा मनोरा, पत्र्याचं छप्पर येतं आणि फोकस तिकडे उडी मारतो. विषय सुटला तर कॅमेऱ्यानं किती वेळ थांबून मग दुसरीकडे बघावं, हे बऱ्याच कॅमेऱ्यांत ठरवता येतं. मी ते थांबण्याच्या बाजूला ठेवतो आणि फोकसचा एकच बारीक बिंदू न घेता बिंदूंचा लहानसा गट घेतो. पक्ष्याचा डोळा ओळखणारे नवे कॅमेरे हे काम फार हलकं करतात, पण घार दूर, ठिपक्याएवढी असताना डोळा त्यांनाही सापडत नाही. म्हणून ती लांब असतानाच तिला चौकटीत घ्यायचं, तिच्याबरोबर कमरेतून वळायचं आणि बटण शेवटी पूर्ण दाबायचं. माझ्या मते निम्मं यश या वळण्यात आहे. महागड्या कॅमेऱ्यालाही ते चुकत नाही.

दुपारी कासाडी नदीकडे गेलो. ऑगस्ट २०१७ मध्ये याच भागातल्या निळ्या पडलेल्या कुत्र्यांचे फोटो जगभर गेले, तेव्हा कुठे या नदीत रंगाचं सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्यावर बंदीची कारवाई झाली. पाण्याकाठी बगळे होते. एक उडाला, त्याच्या पायांना काळा गाळ लागला होता, आणि फोटोत तो गाळ बोटाबोटावर दिसतो.

तुम्ही आलात तर पुलावरून, रस्त्यावरूनच फोटो काढा. गाळात उतरू नका. आणि पक्ष्याबरोबर नदीचा रंगही चौकटीत येऊ द्या.